वादळाच्या सकाळी करवत सुरू होईल का?

द्वारका (नवी दिल्ली) : २ मे २०२५ च्या पहाटे राजधानी दिल्लीला वादळी वाऱ्यासह मुसळधार पावसाने झोडपले. सफदरजंग वेधशाळेत अवघ्या काही तासांत ७७ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. द्वारका पोलीस जिल्ह्यातील खरखरी नहर या गावी शेतातील कूपनलिकेच्या खोलीवर कडुनिंबाचे झाड कोसळले आणि एका मातेसह तिच्या तीन मुलांचा त्यात अंत झाला. तीन वर्षांपूर्वी, ३० मे २०२२ रोजी, असेच वादळ आले होते. सफदरजंग येथे वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत पोहोचला होता, जामा मशिदीच्या घुमटावरील कळस तुटला होता आणि शहरभर शेकडो झाडे आडवी झाली होती.

अशा प्रत्येक सकाळी पहिली हाक जाते ती साखळी करवतीला. झाड छपरावर पडलेले असते, कुणाच्या मोटारीवर पडलेले असते, कधी रुग्णवाहिकेच्या वाटेवर पडलेले असते. गृहनिर्माण संस्थेच्या कोठीतून यंत्र बाहेर काढले जाते. दोरी ओढली जाते, एकदा, दहादा, वीसदा. यंत्र खोकल्यासारखा आवाज करते आणि गप्प होते. सुरू झालेच, तर लाकूड कापण्याऐवजी धूर काढत त्यावर घासत राहते. हा बिघाड बहुधा त्या सकाळचा नसतो. गेल्या पावसाळ्यानंतर टाकीत तसेच राहिलेले पेट्रोल, जमिनीला लागून बोथट झालेली साखळी, धुळीने गच्च भरलेली हवेची जाळी ही त्याची खरी कारणे असतात आणि ती कित्येक महिने आधीची असतात. मे महिन्यात उपयोगी पडणारी करवत ऑक्टोबरातच राखावी लागते.

मराठी वाचकाला द्वारका म्हटले की सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील श्रीकृष्णाची नगरी आठवते. येथे अभिप्रेत असलेली द्वारका दिल्लीच्या नैर्ऋत्य टोकाला आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने पप्पनकलां या गावाच्या नावाने आखलेली आणि पुढे द्वारका म्हणून ओळखली जाऊ लागलेली ही उपनगरी सेक्टरांत विभागलेली असून सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींनी भरलेली आहे. तिच्या पलीकडे नजफगढकडील शेते आणि जुनी गावे लागतात. दिल्लीच्या रस्त्यांकडेला कडुनिंब, सप्तपर्णी, बहावा आणि वडाच्या कुळातील पिलखन अशी झाडे दिसतात, तर मोकळ्या जागी वेडी बाभूळ, म्हणजे येथील भाषेत विलायती कीकर, माजलेली असते. पदपथ बांधताना झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतण्याची जुनी सवय या शहराला आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच झाडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचे आदेश दिले होते. मुळांना श्वास आणि पाणी न मिळालेली झाडे मे-जूनमधील धुळीच्या वादळांत, ज्यांना येथे 'आंधी' म्हणतात, सर्वांत आधी पडतात.

महाराष्ट्राला हे चित्र परके नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांतील आंबा, नारळ आणि सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी रस्ते मोकळे केले ते याच करवतींनी. मोठे रस्ते जवान मोकळे करतात, परंतु वाडीपर्यंतची पायवाट आणि अंगणात पडलेला फणस ज्याचा त्यालाच कापावा लागतो. तेव्हा गावात किती करवती आहेत याहून त्यांतल्या किती चालू स्थितीत आहेत हा आकडा महत्त्वाचा ठरतो.

टाकीतले पेट्रोल

साखळी करवतीचे इंजिन बहुधा टू-स्ट्रोक असते. मोटारीच्या इंजिनात वंगणाचे तेल वेगळ्या कुंडात असते. येथे ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. बजाज चेतकची स्कूटर चालवलेल्या पिढीला हे सांगण्याची गरज नाही. पेट्रोल पंपावर तेल मिसळून घेण्याची ती सवय आता विस्मरणात गेली आणि तिच्याबरोबर तिचे कारणही. तेलाविना पेट्रोल भरले की पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये कोणतेच आवरण राहत नाही. करवतीचे इंजिन मिनिटाला १२ ते १३ हजार फेऱ्या घेऊ शकते. त्या वेगात कोरडा पिस्टन काही मिनिटांत चरे पाडतो आणि जाम होतो. यंत्र दुरुस्त करणाऱ्याच्या बाकावर येणाऱ्या अनेक करवतींचे दुखणे एवढेच असते आणि त्याचा खर्च नव्या यंत्राच्या जवळपास जातो.

मिश्रणाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. चांगल्या प्रतीच्या टू-स्ट्रोक तेलासाठी ते बहुधा ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर असे असते. काही यंत्रांना व साध्या तेलाला २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर लागते. अंदाजाने बाटलीचे झाकण भरून ओतण्याची प्रथा सोडून द्यावी. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा खुणांचा छोटा पेला या कामाला उत्तम असतो. मिश्रण टाकीत करू नये. स्वच्छ डब्यात आधी थोडे पेट्रोल, मग सर्व तेल, मग उरलेले पेट्रोल घालून डबा हलवावा आणि त्यावर मिसळल्याची तारीख लिहावी.

तारखेचे महत्त्व गेल्या काही वर्षांत वाढले आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरू येथे २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या विक्रीचा आरंभ झाला आणि आता देशभरातील पंपांवर साधे पेट्रोल म्हणून मिळते ते बहुतांशी हेच. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राला इथेनॉलचे अर्थकारण चांगले ठाऊक आहे आणि त्याचे लाभ येथे नाकारायचे नाहीत. मात्र छोट्या इंजिनाच्या दृष्टीने या इंधनाचे तीन गुणधर्म लक्षात घ्यावे लागतात.

इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असतो. त्यामुळे त्याला जळण्यासाठी बाहेरची हवा कमी लागते. नव्या मोटारीतील संगणकीय यंत्रणा हे ओळखून इंधनाची मात्रा वाढवते. करवतीच्या साध्या कार्ब्युरेटरला ते जमत नाही. जुन्या पेट्रोलसाठी लावलेल्या स्क्रूवर नवे इंधन चालवले की इंजिनाला हवेच्या मानाने इंधन कमी पडते आणि ते अधिक तापते. दुसरा गुणधर्म रबराशी संबंधित आहे. इथेनॉलमुळे जुन्या यंत्रांतील इंधनाच्या नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील पातळ पडदा फुगतो, मग ताठर होतो. हाच पडदा दर फेरीला धडधडून इंधन ओढत असल्याने तो ताठरला की यंत्र सुरू होते, पण जोर दिला की बंद पडते. तिसरा गुणधर्म सर्वांत फसवा आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या डब्यात पाणी वाढत गेले, तर एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, पेट्रोल वर राहते. टू-स्ट्रोक तेलही वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतील इंधन शोषणारी नळी मात्र तळाशी असते. म्हणजे मालकाने तेल मोजून मिसळले असूनही इंजिनाला तेलाविना मिश्रण मिळू शकते.

यावर उपाय सोपा आहे, फक्त शिस्तीचा आहे. आपल्या यंत्राला किती टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालते हे पुस्तिकेत पाहावे. अनेक जुन्या यंत्रांसाठी ही मर्यादा १० टक्केच दिलेली आढळते. अशा यंत्राच्या नळ्या, पडदा आणि कार्ब्युरेटरचे समायोजन अधिकृत कारागिराकडून तपासून घ्यावे. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढेच करावे. उन्हाळ्यात पत्र्याच्या कोठीत डबा ठेवला, तर पेट्रोलमधील हलके अंश उडून जातात आणि उरलेला चिकट थर कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या छिद्रांत बसतो. दिल्लीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो, तेव्हा पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको.

आंधी आणि जाळी

दिल्लीतील यंत्राचा दुसरा शत्रू धूळ होय. करवत लाकडाचा भुसा तर स्वतःच उडवते. त्यात राजस्थानकडून येणाऱ्या बारीक मातीची भर पडते. हवेची जाळी तुंबली की इंजिनाला हवा कमी आणि इंधन जास्त मिळते, धूर वाढतो, ताकद घटते. पाहणारा मनुष्य कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळायला घेतो आणि मूळ दोष तसाच राहून दुसरा निर्माण होतो. म्हणून ताकद कमी वाटली की आधी जाळी काढून पाहावी, स्क्रूला हात लावू नये.

जाळी काढण्यापूर्वी चोक बंद करावा आणि भोवतालचा भुसा ब्रशने झाडावा, नाहीतर स्वच्छ करण्याच्या भरात घाण कार्ब्युरेटरच्या तोंडात पडते. जाळी हलकेच आपटून झाडावी. धुता येण्याजोगी असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावी. कागदी किंवा फेल्टची जाळी धुतली की निकामी होते, ती बदलावी. हवेच्या नळीने फुंकर मारायची झाल्यास आतून बाहेर, तीही दुरून आणि हळू. बाहेरून आत मारलेला झोत धूळ जाळीच्या विणीत अधिक घट्ट बसवतो आणि कधी जाळी फोडतो. फाटलेल्या जाळीतून गेलेली माती सिलिंडरला पॉलिश कागदासारखी घासते.

हीच काळजी सिलिंडरवरील पंखांसारख्या पत्र्यांची. या इंजिनाला पाणी नाही, रेडिएटर नाही. वाऱ्यावरच ते थंड राहते. दोरीच्या झाकणाच्या फटी आणि हे पंख तेलकट भुशाने भरले, तर यंत्र तापाने मरते. आठवड्यातून एकदा झाकण उघडून लाकडी काडीने आणि ब्रशने ते मोकळे करावेत. प्लग मात्र महिन्यातून एकदा पाहिला तरी पुरे. त्याच्या टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर इंजिन निरोगी आहे. काळी काजळी जास्त तेल किंवा तुंबलेली जाळी सांगते, पांढरट टोक अति उष्णता सांगते. दोन टोकांमधील फट बहुधा ०.५ मिलिमीटर असते. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते, तीही काजळीने बुजते आणि तिच्याकडे जवळजवळ कोणी पाहत नाही.

ढलप्या पडतात की पीठ?

करवतीची साखळी बोथट झाली आहे हे ओळखण्यासाठी भिंगाची गरज नसते. कापताना खाली काय पडते ते पाहावे. धारदार साखळी लाकडाच्या जाडसर ढलप्या काढते, बोथट साखळी पीठ पाडते. यंत्र स्वतःच्या वजनाने लाकडात उतरत नसेल, हाताने दाबावे लागत असेल, छेद एका बाजूला वाकडा जात असेल, तर काम थांबवून कानस हाती घ्यावी. दाबून कापणारा मनुष्य थकतो आणि थकलेल्या मनुष्याच्या हातातील करवतच बहुतेकदा घात करते.

या दात्यांचा आकार कसा सुचला त्याची कथा सांगण्यासारखी आहे. १९४६ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका ओंडक्याशी बसून लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी पाहत होता. ती अळी आपल्या दोन जबड्यांनी आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे लाकूड खरवडत पुढे जात होती. कॉक्सने तसेच एकाआड एक डावे-उजवे वळलेले दाते बनवले आणि १९४७ मध्ये त्यांचा व्यवसाय सुरू केला. आजच्या बहुतेक साखळ्या त्याच घडणीच्या आहेत. म्हणूनच धार लावताना डाव्या आणि उजव्या दात्यांची लांबी सारखी राखणे अत्यावश्यक असते. एका बाजूचे दाते आखूड झाले की करवत दुसऱ्या बाजूला ओढते.

धार लावायला गोल कानस लागते आणि तिची जाडी साखळीच्या मापावर ठरते. लहान करवतींच्या बुटक्या ३/८ इंची साखळीला ४ मिलिमीटरची, .३२५ इंची साखळीला ४.८ मिलिमीटरची, तर मोठ्या करवतींच्या ३/८ इंची साखळीला ५.२ ते ५.५ मिलिमीटरची. चुकीच्या मापाची कानस दात्याचा कोन बिघडवते. हातमोजे घालावेत, यंत्र पूर्ण बंद करून प्लगची टोपी काढावी, साखळीचा ब्रेक लावावा आणि पट्टी शिकंज्यात घट्ट धरावी. सर्वांत जास्त झिजलेला दाता आधी शोधावा, कारण बाकीच्यांना त्याच्या मापाला आणायचे असते. बहुतेक साखळ्यांसाठी कोन ३० अंशांच्या आसपास असतो आणि बऱ्याच दात्यांवर त्याची रेष कोरलेली असते. कानस दात्याच्या आतून बाहेर, एकाच दिशेने, दोन-तीन वेळा सारख्या दाबाने फिरवावी. मागे ओढताना ती उचलून घ्यावी. एका बाजूचे सर्व दाते झाले की यंत्र फिरवून दुसरी बाजू घ्यावी. सुतारकामातील करवत कानशीने पाजळलेल्या हाताला हे पंधरा मिनिटांत येते.

प्रत्येक दात्याच्या पुढे एक लहानसा उंचवटा असतो. दाता लाकडात किती खोल रुतावा हे तो ठरवतो. दाता झिजत जातो तशी या उंचवट्याची उंचीही कमी करावी लागते. दोघांतील फरक साधारण ०.६५ मिलिमीटर ठेवतात आणि त्यासाठी बाजारात मापाची पत्री मिळते. हे काम न केल्यास ताजी धार असलेली साखळीही लाकडावरून नुसती घसरते. उलट, उत्साहाच्या भरात उंचवटा जास्त कापला, तर दाता लाकूड चावल्यासारखे पकडतो आणि यंत्र उसळते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग एखाद्या फांदीला लागला की करवत क्षणार्धात चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उडते. या यंत्राचे सर्वांत भीषण अपघात त्यातून होतात. शंका असेल तेव्हा उंचवटा थोडा जास्त ठेवलेला बरा.

शहरी झाडांत साखळीचा काळ ठरतो तो खिळा. शिकवणीच्या आणि भाड्याच्या घरांच्या पाट्या, लग्नातील दिव्यांच्या तारा, जुने लोखंडी कुंपण हे सर्व झाड वर्षानुवर्षे आपल्या अंगात सामावून घेते. बाहेरून काही दिसत नाही. पुण्यात झाडांतील खिळे काढण्याची मोहीम नागरिकांनी चालवली होती ती झाडांच्या आरोग्यासाठी. करवत धरणाऱ्यांनीही तिचे आभार मानले असते. बुंधा कापण्यापूर्वी साल तपासावी, काळे-निळे डाग किंवा अनैसर्गिक गाठ दिसल्यास तेथून थोडे वर कापावे. जमिनीवर पडलेला ओंडका कापताना शेवटची दोन बोटे राहिली की ओंडका वळवून घ्यावा. मातीला साखळीचा एक स्पर्श झाला तरी तासाभराची धार जाते.

पट्टी, तेल आणि ब्रेक

साखळी ज्या पोलादी पट्टीवर फिरते तिला तेल सतत मिळावे लागते. पेट्रोलची टाकी भरताना प्रत्येक वेळी साखळीच्या तेलाची टाकीही भरावी, कारण दोन्ही साधारण बरोबरच संपतात. तेल पोहोचते की नाही याची परीक्षा सोपी आहे. पट्टीचे टोक फिकट रंगाच्या ओंडक्यासमोर, त्याला न लावता, धरून यंत्र काही क्षण वेगात चालवावे. ओंडक्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. उमटली नाही तर पट्टीचे तेलाचे छिद्र आणि खाच भुशाने भरली आहे असे समजावे आणि पातळ पत्रीने ती खरवडून काढावी.

येथे एका प्रचलित काटकसरीविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. गॅरेजमधून फुकट मिळणारे काळे, वापरलेले इंजिन तेल अनेक जण साखळीला घालतात. त्या तेलात धातूचे कण असतात, ते पंप आणि पट्टी घासतात. त्यात कर्करोगास कारणीभूत ठरणारी संयुगे असतात. साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेगाने फिरते, त्यामुळे हे तेल अंगावर, कपड्यांवर आणि बागेतील मातीवर तुषारांसारखे उडते. ज्या बागेत संध्याकाळी मुले खेळतात, तेथे हे सांडू देणे ही काटकसर नव्हे.

पट्टी एकाच बाजूने झिजू नये म्हणून धार लावताना दरवेळी ती उलटी करून बसवावी. कडेला उठलेली धारदार किनार सपाट कानशीने घासून काढावी. साखळीचा ताण थंड असतानाच जुळवावा. पट्टीचे टोक वर धरून साखळी खालच्या कडेला टेकली पाहिजे आणि हातमोजा घातलेल्या हाताने सहज पुढे सरकली पाहिजे. काम करताना साखळी तापून सैल होते, तेव्हा पुन्हा ताणावी लागते. मात्र दिवस संपल्यावर ती ढिली करून ठेवावी. थंड होताना ती आकसते आणि यंत्राच्या दांड्यावर ताण देते. कडुनिंबाचा आणि कीकराचा डिंक साखळीवर वाळला की सांधे अवघडतात, म्हणून तो त्याच संध्याकाळी काढलेला बरा.

ब्रेकची तपासणी दररोज व्हावी. यंत्र चालू असताना पुढील पंजा मनगटाने पुढे ढकलला की साखळी तत्क्षणी थांबली पाहिजे. ब्रेकचा पट्टा झाकणाखाली असतो आणि तेथेच भुसा व तेल यांचा लगदा साठतो. ठेकेदाराकडे रोजंदारीवर काम करणाऱ्या कामगाराला अनेकदा ब्रेक मोडलेले यंत्र दिले जाते, कारण त्याविनाही ते कापते. यंत्र कापते आहे म्हणजे ठीक आहे, हा या व्यवसायातील सर्वांत महाग पडलेला समज आहे. डोळ्यांवर चष्मा, कानांवर आच्छादन, पायांत कापाला रोखणारी विजार आणि झाडावर चढणाऱ्याला दोर यांची सोय यंत्र पुरवणाऱ्याने करायची असते. साखळी करवतीचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. हँडल आणि इंजिन यांच्यामधील रबरी आधार फाटले असतील, तर थरथर थेट हातांत उतरते आणि वर्षांनुवर्षे असे काम केलेल्यांची बोटे बधिर व पांढरी पडू लागतात. ते आधार बदलणे हाही निगेचाच भाग आहे.

गवत कापणारी यंत्रे

कोकणातील काजू-आंब्याच्या बागांत आणि द्वारकेच्या उद्यानांत एक यंत्र समान आहे ते ब्रश कटर. खांद्याला अडकवलेल्या लांब नळीच्या टोकाशी फिरणारे पाते किंवा नायलॉनची दोरी, असे हे यंत्र. त्याचेही इंजिन अनेकदा टू-स्ट्रोक असते, तेव्हा इंधनाचे नियम तेच. त्याची स्वतःची दुखणी मात्र वेगळी आहेत. पात्यालगतच्या गिअरपेटीत ठराविक तासांनी ग्रीस भरावे लागते. ते विसरले की पेटी तापते आणि दाते झिजतात. धातूच्या पात्याला तडा गेलेला दिसला तर ते वेल्डिंग करून वापरू नये, फेकून द्यावे. तुटलेल्या पात्याचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. नायलॉनची दोरी उन्हात सुकून ठिसूळ होते; वापरण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवली की पुन्हा लवचीक होते. नळीभोवती गुंडाळलेले ओले गवत तसेच राहू दिले, तर सील फाटून ग्रीस बाहेर येते.

हिरवळ कापणाऱ्या यंत्रांत फोर-स्ट्रोक इंजिन असते, तेथे पेट्रोलमध्ये तेल मिसळायचे नसते. एकाच कोठीत दोन्ही प्रकारची यंत्रे असतात आणि डबे सारखेच दिसतात. म्हणून मिश्रणाच्या डब्याला लाल पट्टी आणि साध्या पेट्रोलच्या डब्याला दुसरा रंग द्यावा. अक्षरओळख नसलेल्या माळ्यालाही मग चूक होत नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या करवती आता लहान छाटणीसाठी चांगल्या ठरत आहेत. त्यांत जुन्या इंधनाचा प्रश्न नाही, धूर नाही. साखळी, पट्टी आणि तेल यांची निगा मात्र तंतोतंत तीच. स्वच्छ करण्यापूर्वी बॅटरी काढून बाजूला ठेवावी आणि दीर्घकाळ ठेवायची असल्यास ती साधारण अर्धी भरून, सावलीत ठेवावी. बुंध्याएवढे झाड रस्त्यावर पडले असेल आणि वीज गेली असेल, तेव्हा अजून पेट्रोलच्या करवतीला पर्याय नाही.

करवत चालू स्थितीत आहे म्हणून झाड कापता येते असेही नाही. दिल्लीत १९९४ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमानुसार झाड तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. महाराष्ट्राच्या नागरी भागांत १९७५ च्या अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाकडे जावे लागते. रीतसर परवानगीने छाटणी करतानाही धारेचा संबंध झाडाशी येतो. बोथट साखळी साल ओरबाडते, जखम भरत नाही, तेथून बुरशी शिरते आणि पुढच्या वादळात नेमकी तीच फांदी पडते. रोगट झाडावर चालवलेली साखळी पुसून स्वच्छ केल्याखेरीज दुसऱ्या झाडाला लावू नये. छाटलेला पाला पेटवून देण्याचा मार्गही बंद आहे. हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्लीत उघड्यावर पाने आणि कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपयांचा दंड ठरवला.

उत्तर भारतात पावसाळा सप्टेंबरअखेर ओसरतो, तेव्हा यंत्रे विश्रांतीला जातात. त्या दिवशी टाकीतील मिश्रण डब्यात काढून घ्यावे, मोकळ्या हवेत यंत्र सुरू करून कार्ब्युरेटरमधील उरलेले इंधन संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. पट्टी आणि साखळी काढून, स्वच्छ करून, तेल लावून ठेवावीत. जाळी धुऊन वाळवावी. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे टू-स्ट्रोक तेल सोडावे, दोरी दोन-तीनदा हळूच ओढावी आणि प्लग परत बसवावा. काढलेले जुने मिश्रण पुढच्या हंगामासाठी राखून ठेवू नये. गटारात तर मुळीच ओतू नये. ते घातक कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावे.

मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, आकाश निरभ्र असताना, यंत्र बाहेर काढावे. ताजे मिश्रण भरावे, ब्रेक तपासावा, एखादा जुना ओंडका कापून ढलप्या पडतात का ते पाहावे. कोठीच्या दारामागे एक वही टांगावी. तीत मिश्रणाची तारीख, धार लावल्याची तारीख, बदललेला सुटा भाग आणि यंत्र चालवणाऱ्याची सही एवढेच असावे. राखीव साखळी, दोन कानशी, एक प्लग, एक जाळी आणि पाना हे सर्व त्याच खिळ्याखालच्या पेटीत ठेवावे आणि कोठीची किल्ली रात्रपाळीच्या पहारेकऱ्याकडेही असावी, कारण वादळे बहुधा कार्यालयीन वेळेत येत नाहीत.